वाचकांचे प्रश्न : जखमेतली लस आणि सुईतली लस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे ‘लस’ या एकाच शब्दाभोवती फिरणारी निघाली. साताऱ्यात अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यामुळे हा शब्द मी रोज ऐकला आणि रोज वापरला. त्यामुळे इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी सगळी जागा या सहा पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या पायाला मधुमेहामुळे जखम झाली असून ती लवकर भरत नाही. पट्टी सोडली की त्या म्हणतात, “आजपण लस येतीया.” त्याच खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या बाळाच्या लशीची तारीख लिहिलेली आहे. जखमेतून येणारी घाण आणि बाळाला दिले जाणारे औषध यांना एकच नाव कसे? हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : शब्द एकच आहे, आणि आपल्या सासूबाई तो ज्या अर्थाने वापरतात तोच त्याचा जुना अर्थ आहे. बाळाच्या तारखेपुढे लिहिलेला अर्थ नंतर आला, आणि तो जुन्या अर्थातूनच आला.

आधी जुना अर्थ पाहू. आपल्याकडच्या बायाबापड्या जखमेविषयी बोलताना रक्त, लस आणि पू असे तीन वेगळे शब्द वापरतात, आणि त्यांचा हा भेद डॉक्टरालाही उपयोगी पडावा इतका काटेकोर असतो. पू घट्ट, पिवळसर आणि वास येणारा असतो. लस पातळ, पाण्यासारखी किंवा किंचित पांढुरकी असते, फोड फुटला किंवा कातडे सोलवटले की ती पाझरते, आणि वाळली की कापडाला चिकटून बसते. माझ्याकडे येणारी एखादी आजी “पू न्हाई डॉक्टर, निस्ती लस हाय” असे सांगायची, तेव्हा पट्टी सोडण्याआधीच मला जखमेचा निम्मा अंदाज येत असे. आपल्या सासूबाईंच्या तोंडी ‘लस’ जाऊन ‘पू’ हा शब्द आला, तर मात्र त्याच दिवशी जखम डॉक्टरांना दाखवावी, एवढे जाता जाता सांगतो.

या शब्दाचे मूळ आयुर्वेदातील ‘लसीका’ या शब्दापर्यंत जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील उदकाचे प्रमाण दहा ओंजळी सांगितले आहे, आणि त्यातले जे उदक त्वचेच्या आत असते व व्रणात उतरते त्याला ‘लसीका’ हे नाव मिळते, असे तिथे म्हटले आहे. कुष्ठाच्या प्रकरणात त्वचा, मांस आणि रक्त यांच्या बरोबरीने ही लसीकाही दूषित होते असे मानले आहे. संस्कृत धातुपाठात ‘लस्’ या धातूचे दोन अर्थ दिले आहेत : चिकटणे आणि क्रीडा करणे. क्रीडेच्या अर्थातून विलास आणि उल्लास हे शब्द झाले. वाळून कापडाला चिकटणाऱ्या द्रवाचे नाव चिकटण्याच्या अर्थाशी जुळते. म्हणजे ‘विलास’ हे मुलाचे नाव आणि जखमेतली लस यांचे घराणे एकच आहे. आज आपण ‘लसीका ग्रंथी’ म्हणतो, त्यातही तोच शब्द उभा आहे.

आता दुसरा अर्थ. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर दोन बारीक चिरांमध्ये घातला. साराच्या हातावरचे फोड गाईच्या सडांवर येणाऱ्या देवींचे होते. पुढे त्या मुलाला खऱ्या देवींचा द्रव टोचूनही देवी आल्या नाहीत. ही गोष्ट शाळेत सर्वांनीच वाचलेली असते. मात्र त्या मुलाच्या हातावर नेमके काय घातले, याकडे आपले लक्ष जात नाही. तिथे प्रयोगशाळा नव्हती, बाटली नव्हती, औषधाचा कारखाना नव्हता. एका माणसाच्या फोडातून पाझरलेली लस दुसऱ्या माणसाच्या कातड्यात घातली होती, आणि पुढची बरीच वर्षे जगभर हेच चालले.

हिंदुस्थानात ही लस आली तीही अशीच, माणसांच्या हातांवरून. दोऱ्यावर वाळवून पाठवलेला द्रव उन्हाने आणि लांबच्या प्रवासाने निकामी होत असे. शेवटी व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा टप्प्यांनी, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत तो मुंबईला पोहोचवावा लागला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर तो रुजला. तिच्या हातावर फोड आला, त्यातून लस काढून इतर मुलांना टोचली, आणि तिथून ती पुण्याकडे, सुरतेकडे, मद्रासकडे गेली. एवढ्याशा पोरीच्या दंडावरच्या एका फोडावर सगळ्या मुलखाची भिस्त होती.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. टोचल्यानंतर साधारण आठव्या दिवशी फोडात स्वच्छ, पातळ द्रव भरतो. टोचणाऱ्याला तोच हवा असे. दोनतीन दिवस उशीर झाला की तो गढूळ होऊन त्याचा पू होतो आणि पुढच्या मुलाला टोचण्याच्या कामाचा राहत नाही. रक्त, लस आणि पू यांतला जो भेद आपल्या आज्या करतात, नेमका तोच भेद या कामात मोलाचा होता. म्हणून त्या द्रवाला मराठीत ‘लस’ म्हणणे यात कसलाही अलंकार नव्हता. ती अक्षरशः लसच होती. ‘लस टोचणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थही फोडातला द्रव टोचणे असा सरळ होता.

इंग्रजीत या द्रवाला ‘लिंफ’ म्हणत. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये स्वच्छ पाणी असे आहे. ‘व्हॅक्सीन’ हा शब्द मात्र लॅटिन ‘व्हॅका’, म्हणजे गाय, यावरून आला. मराठीने गाईचा शब्द घेतला नाही, द्रवाचा घेतला. माझ्या मते ही निवड अधिक अचूक ठरली, कारण देवीच्या लशीत जो विषाणू पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला तो गाईच्या देवींच्या विषाणूपेक्षा वेगळा असल्याचे १९३९ मध्ये दिसून आले, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासात त्याचे नाते घोड्याच्या देवींशी अधिक जवळचे निघाले. इंग्रजी शब्दातली गाय त्यामुळे थोडी अडचणीत आली. मराठी शब्दाला कोणत्याच जनावराशी देणेघेणे नसल्याने तो होता तिथेच राहिला.

अर्थाची खरी झेप यानंतरची आहे. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत लुई पाश्चर यांनी सुचवले की जेन्नर यांच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द केवळ देवीपुरता न ठेवता सर्वच रोगांच्या अशा प्रतिबंधक उपायांना लावावा. त्यानंतर इंग्रजी शब्दातून गाय हरवली आणि मराठी शब्दातून फोड हरवला. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरची लस तयार करून १० तारखेला ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिच्यात कोणाच्याही फोडातले काही नव्हते. रश्शासारख्या पोषक द्रवात वाढवून उष्णतेने मारलेले जंतू होते. तरीही तिला लसच म्हटले गेले. पुढे पोलिओच्या वेळी सुईही गेली आणि लस ‘पाजणे’ सुरू झाले. २०२१ च्या जानेवारीत करोनाची लस आली, तेव्हा हा शब्द जखमेपासून इतका दूर गेला होता की आपल्यासारख्या जाणत्या वाचकालाही हे दोन शब्द असावेत असे वाटले.

याच संदर्भात आणखी एका शब्दाची आठवण होते. ‘व्हायरस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही बुळबुळीत किंवा विषारी द्रव असाच होता, आणि जेन्नर यांनी तो फोडातल्या द्रवासाठीच वापरला. आज व्हायरस म्हणजे रोग करणारा अतिसूक्ष्म कण, आणि लस म्हणजे त्याच्यापासून वाचवणारे औषध. एके काळी हे दोन्ही शब्द एकाच थेंबाला लागू पडत होते.

प्रश्न : आमच्या घरात जुनी माणसे लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत. रोग काढून टाकला म्हणून ‘काढणे’ का? आजोबांच्या हातावर रुपयाएवढे गोल वण होते, तेही त्याचेच का? (एक वाचक, कराड)

उत्तर : इथे ‘काढणे’ म्हणजे काढून टाकणे नव्हे. अंगावर फोड ‘निघतात’, गोवर ‘निघतो’, देवी ‘निघाल्या’ असे आपण म्हणतो. जे आपोआप निघते ते मुद्दाम निघायला लावणे म्हणजे ‘काढणे’. हाताच्या एका जागेवर, आपल्या सोयीच्या दिवशी, फोड मुद्दाम उठवायचा, म्हणून ‘देवी काढल्या’. लशीने शरीरात काय घडते याचे याहून नेमके वर्णन मला दोन शब्दांत करता येणार नाही. सौम्य स्वरूपात, ठरवून, रोगाची ओळख करून देणे हेच तर ते काम आहे.

आजोबांच्या हातावरचे वण त्याचेच असणार. आपल्याकडे बरीच वर्षे दातेरी चकतीसारखे एक हत्यार वापरले जाई. लशीचा थेंब कातड्यावर ठेवून ते त्यावर दाबून फिरवत, त्यामुळे वण गोल उमटे, आणि असे दोन किंवा चार वण असत. पुढे दोन टोकांची बारीक सुई आली. डाव्या दंडावरचा एकच लहान खळगा दिसला तर तो बहुधा क्षयरोगाच्या, म्हणजे बीसीजीच्या, लशीचा असतो. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग आता त्या वणांबरोबरच संपत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. रोग गेला याचा आनंद आहेच, पण इतका नेमका शब्दप्रयोग निदान कोशात तरी नीट नोंदलेला असावा.

प्रश्न : ‘लसी’ की ‘लशी’? आणि ‘लसीकरण’ हा शब्द व्याकरणाने शुद्ध आहे का? ‘शुद्धीकरण’ म्हणजे शुद्ध नसलेले शुद्ध करणे, तर ‘लसीकरण’ म्हणजे लस नसलेल्याची लस करणे असे होत नाही का? (एक निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : विश्वकोशाच्या गावातून प्रश्न आला आहे, तेव्हा उत्तर जपून देतो. म्हैस–म्हशी, घूस–घुशी, मूस–मुशी, कूस–कुशी या रांगेत लस–लशी बसते, म्हणून मी ‘लशीचा’, ‘लशी’ असेच लिहितो. ‘लसीचा’ हे रूपही वर्तमानपत्रांतून आता इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणून वाचकाला अडवावे असे मला वाटत नाही.

‘लसीकरणा’विषयीचा आपला आक्षेप व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. त्या घडणीत ‘जे तसे नाही ते तसे करणे’ असाच अर्थ असतो. तथापि राष्ट्रीयीकरण, विद्युतीकरण अशा शब्दांमुळे मराठी माणसाच्या कानाला ‘–ईकरण’ म्हणजे ‘ती गोष्ट सर्वत्र पोहोचवण्याची मोहीम’ असा अर्थ लागू लागला आहे. विद्युतीकरणात गावाची वीज होत नाही, गावाला वीज मिळते. ‘लसीकरण’ त्याच वाटेने आलेला शब्द आहे. तो उपकेंद्राच्या पाटीवर, शाळेच्या वहीत आणि आशाताईंच्या तोंडी पक्का बसला आहे, आणि तो बदलण्याच्या मी विरुद्ध आहे. अर्थात घरात कोणी ‘बाळाचे लसीकरण’ म्हणत नाही. घरात ‘डोस’ असतो. पोलिओचा डोस, तीन महिन्यांचा डोस, करोनाचा दुसरा डोस. धनुर्वाताचे तर नुसते ‘इंजेक्शन’च असते, तीही लस आहे हे बहुतेकांच्या गावीही नसते.

प्रश्न : आमच्या जत तालुक्यात कानडी बोलणारे पुष्कळ आहेत. ते लशीला ‘लसिके’ म्हणतात. हा शब्द त्यांनी मराठीतून घेतला का? (एक वाचक, जत)

उत्तर : तसे म्हणण्याची गरज नाही. कानडीतला ‘लसिके’ हा संस्कृत ‘लसीका’शीच जोडलेला आहे, म्हणजे दोन्ही भाषा एकाच विहिरीवर गेल्या. गुजराती भाषेची गोष्ट अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे लशीला ‘रसी’ म्हणतात, आणि पुवालाही ‘रसी’च म्हणतात. म्हणजे फोडातल्या द्रवावरूनच औषधाचे नाव पडले, ही गोष्ट मराठीपुरती नाही. हिंदी आणि बंगालीने वेगळी वाट धरली. त्यांनी कातड्यावर उमटणाऱ्या खुणेकडे पाहिले आणि ‘टीका’ म्हटले. आपल्याकडे ‘टीका’ हा शब्द ग्रंथावरच्या भाष्यासाठी आणि दोष दाखवण्यासाठी आधीच कामाला लागलेला होता.

प्रश्न : वर्तमानपत्रात ‘सर्पदंशाची लस संपली’ अशी बातमी येते. माझा भाचा म्हणतो, ती लस नसतेच. मग नागपंचमीच्या आधी ती घेऊन ठेवता येईल का, असे गावात काही जण विचारतात त्यांना काय सांगावे? (एक वाचक, शिराळा)

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे, आणि शिराळ्यासारख्या गावी हे सर्वांना ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे. आज वैद्यकात लस म्हणजे शरीराला रोगाची ओळख करून देऊन त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला लावणारे औषध. साप चावल्यावर देतात ते प्रतिसर्पविष. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे घटक तयार होतात, आणि ते घटक रक्तातून वेगळे काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ते चालते. हे घटक आपल्या शरीराने तयार केलेले नसल्यामुळे काही काळाने निघून जातात. म्हणून ते आधी घेऊन ठेवता येत नाही, आणि घेऊन ठेवलेल्याला साप चावला तर चालतो अशी समजूत जिवावर बेतणारी आहे. साप चावल्यावर माणसाला चालू किंवा पळू न देता, चावलेला अवयव न हलवता, शक्य तितक्या लवकर दवाखान्यात न्यावे. चिरा देणे, तोंडाने ओढणे, आवळून दोरी बांधणे यांतले काहीही करू नये.

कुत्रे चावल्यावर देतात त्याबाबत मात्र उलट आहे. ती चावल्यानंतर देत असले तरी खरोखरची लस आहे, कारण विषाणू मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शरीर आपली प्रतिकारशक्ती तयार करू शकते. चावलेल्या जागी रक्त आले असेल तर लशीसोबत जखमेत वेगळे प्रतिद्रव्यही टोचावे लागते. ते प्रतिसर्पविषाच्या जातीचे, तयार मिळालेले संरक्षण आहे.

तरीही ‘सर्पदंशाची लस’ म्हणणाऱ्या बातमीदाराला मी भाषेच्या दृष्टीने पूर्ण दोषी धरत नाही. प्रतिसर्पविष रक्तातल्या ज्या पातळ द्रवातून येते त्याला इंग्रजीत ‘सिरम’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ दूध नासल्यावर सुटणारे पाणी, म्हणजे निवळ. हा द्रव आणि आपल्या आज्यांची जखमेतली लस मुळात एकाच जातीचे आहेत. म्हणजे जुन्या अर्थाने पाहिले तर प्रतिसर्पविष ही लसच आहे. पण जुना अर्थ बरोबर असला तरी त्याने आज माणूस दगावू शकतो. तेव्हा गावात बोलताना ‘सापाचे औषध’ म्हणावे. हे शब्द साधे आहेत आणि त्यांनी कोणाचा गैरसमज होत नाही.

प्रश्न : लम्पीच्या साथीत आमच्या दोन गाई आजारी होत्या. अंगावरच्या गाठी फुटून लस येत होती. एका अनुभवी गृहस्थांनी ती लस निरोगी वासराला ओरखडा काढून लावायला सांगितले, “पूर्वी अशीच लस देत” म्हणून. आम्ही तसे केले नाही, पण त्यांचे म्हणणे खरे होते का? (एक शेतकरी, खटाव तालुका)

उत्तर : आपण तसे केले नाही हे फार बरे केले. त्या गृहस्थांच्या सांगण्यात जुन्या इतिहासाचा एक तुकडा खरा आहे. जेन्नर यांच्याही आधी देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचण्याची चाल आपल्या देशात आणि इतरत्रही होती. पण त्यात टोचलेल्याला खरा रोगच होत असे. बहुतेकांना तो सौम्य होई, काहींना जिवावर बेते, आणि त्यांच्यापासून इतरांना लागण होई. जेन्नर यांनी बदल केला तो इथेच : त्याच रोगाचा द्रव न घेता, त्याच्या नात्यातल्या सौम्य रोगाचा द्रव घेतला. लम्पीच्या गाठीतल्या लशीत लम्पीचाच जिवंत विषाणू असतो, शिवाय उघड्या जखमेतले इतर जंतूही असतात. ती वासराला लावणे म्हणजे त्याला रोग देणे.

२०२२ च्या साथीत पशुवैद्यकांनी आपल्या गाईंना जी लस टोचली, ती मूळची शेळ्यांच्या देवीची होती. लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांचे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे शेळीच्या लशीने गाईला संरक्षण मिळते. एका जनावराच्या देवींनी दुसऱ्याला वाचवण्याची ही युक्ती जेन्नर यांचीच आहे, आणि ती आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचली आहे. लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे त्या गाईंची धार काढणाऱ्याने घाबरू नये. पण गाठी धुतल्यानंतर हात साबणाने धुवावेत, आजारी जनावर वेगळे बांधावे, आणि माश्या, डास व गोचीड यांचा बंदोबस्त करावा, कारण हा रोग मुख्यतः त्यांच्यामार्फत पसरतो. लस टोचलेल्या जागी काही दिवस लहान गाठ किंवा सूज दिसू शकते. ती आपोआप उतरते. तिला शेक देऊ नये आणि फोडू नये.